बशीतली पेज

टाळूच्या ऑपरेशननंतर सहा वर्षांची रेणू काल घरी आली, पण पोटात काही जाईना. टाक्यांना लागेल म्हणून डॉक्टरांनी चमचा आणि स्ट्रॉ बंद केले होते. निवलेल्या पेजेची वाटी ओठांशी आली की ती मान फिरवायची.

"थोडी तरी पी गं. नाहीतर उद्या परत सलाईन लावतील," आई रडवेली झाली.

आप्पाआजोबांनी आपली चहाची बशी धुऊन तिच्यात पेज ओतली. "माझ्यासारखी पितेस? फुर्र करून ओढायची नाही हं. बशी नुसती तिरकी करायची."

रेणूने चोरून आईकडे पाहिलं. बशीतून पिण्यावरून तिने आईची किती बोलणी खाल्ली होती!

"पी, बाळा," आई म्हणाली.

पेज हळूच घशाखाली उतरली. "आई, अजून. काठोकाठ."

बशी ओट्यावर ठेवून आई ओतत राहिली. पेज काठावरून सांडली, तरी तिचा हात थांबेना.