मत्स्यप्रेमींचा नवा नियम

"काढून टाका त्याला! एक नासका आंबा अख्खी आढी नासवतो," दातांचे डॉक्टर मोबाइलवर ओरडले. त्यांच्या मागे खुर्चीत एक पेशंट आ वासून बसला होता. त्याला ते साफ विसरले होते.

घरी मासे पाळणाऱ्यांच्या ऑनलाइन गटाचे कारभारी तिघे. डॉक्टर, निवृत्त हेडसर आणि शिलाईवाल्या ताई. तातडीची व्हिडिओ बैठक चालू होती. हेडसरांचं फक्त कपाळ दिसत होतं. ताईंच्या ओठांत टाचण्या होत्या, म्हणून त्या तोंडाच्या कोपऱ्यातून बोलत होत्या.

बैठकीचं कारण होता गटातला एक बेकरीवाला. त्याने सकाळी गटात लिहिलं होतं, "मी गोळ्यांची नशा करायचो. आता सोडतोय. हात इतके थरथरतात की माशांचं पाणी बदलताना अर्धं फरशीवर सांडतं. इथे कुणी सोडलंय का? मला बोलायला दुसरं कुणी नाही." खरंच कुणी नव्हतं बिचाऱ्याला. मासे होते, पण मासे नुसतेच ऐकून घेतात.

"नियमच करू," हेडसर म्हणाले. "नशापाण्याबद्दल गटात अवाक्षर काढायचं नाही. फक्त झोपेच्या गोळ्या वगळा. रिटायर झाल्यापासून घेतोय मी. ती काही नशा नव्हे."

ताईंनी टाचण्या काढल्या. "आणि गंमत म्हणून ओढलेलं? नणंदेच्या लग्नात आम्ही बायकांनी गच्चीवर जरासं ओढलं होतं. आता कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच. घरातल्या घरात, त्यात नशा कसली?"

गंमतही वगळली.

डॉक्टर खाकरले. "तो हसवणारा वायू असतो ना, सिलिंडरच्या तळाशी थोडा उरतो. वाया घालवायचं जिवावर येतं हो." पेशंटचे डोळे विस्फारले. धंद्यातली निकडही वगळली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, यात तिघांचाही हात धरणारं कुणी नव्हतं.

"मग आता बंदी राहिली कशावर?" ताईंनी विचारलं.

कपाळाला आठ्या पडल्या. "सोडण्यावर," हेडसर म्हणाले.

नियम एकमताने मंजूर झाला. बेकरीवाल्याने तो वाचला आणि गट सोडला. "सुंठीवाचून खोकला गेला," डॉक्टरांनी लिहिलं. त्यावर एरवीसारखे हसरे चेहरे कुणी टाकले नाहीत. हेडसरांना तर जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याने स्वतःचाच गट उघडला. नाव ठेवलं 'सोडणारे'. दुपारपर्यंत तो एकटाच होता. संध्याकाळी तिघे जण आले, 'अनामिक', 'एक गृहिणी' आणि 'सामान्य माणूस'. नावं कोरी करकरीत होती, पण प्रोफाइलवरचा माशाचा फोटो बदलायचं तिघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं. आपापल्या माशांसकट आले होते. बेकरीवाल्याने तिन्ही मासे ओळखले. त्याला हसू आलं आणि भरूनही आलं. "या, बसा," एवढंच त्याने लिहिलं.

मग 'सामान्य माणसा'ने भीत भीत विचारलं, "इथे नियमबियम नाहीत ना हो?"