यशोधनला बोलावणं

“त्याला बोलावणं धाड,” सिद्धम्मा म्हणाली.

जगदेवप्पानं लिहायच्या फळीवरून मान वर केली. तिसऱ्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण काही केल्या सुरू होत नव्हतं. “कुणाला, अक्का?”

“तुज्या त्या यशोधनला.”

जगदेवप्पाला हसू आलं, पण तिचा चेहरा पाहून ते तोंडातच राहिलं. सिद्धम्मा शेजारची, भिंतीला भिंत लागलेली. त्याच्या सगळ्या प्रेमाच्या कादंबऱ्या तिनं दाराआड बसून ऐकल्या होत्या. प्रत्येक नायिकेसाठी पदर ओला करायची, “ग्वाड लिवलास बाबा,” म्हणायची आणि भाकरी थापायला घरी जायची. पुढे सोलापूरच्या प्रकाशकानंच प्रेमाला हात जोडले. लोकांना आता खून पाहिजेत, तेही एकामागून एक, असं त्यानं बजावलं. मग नायिका गेल्या आणि मुंबईचा गुप्तहेर यशोधन आला. पुस्तक छापून आलं की ते भीमण्णा पाटलांच्या ढाळजेत, वाड्याच्या दरवाजालगतच्या बैठकीत, वाचायचं, आणि लेखकानं स्वतः वाचायचं, ही गावाची रीत मात्र तीच राहिली. पाटील लोडाला टेकून ऐकत, बाया दाराआड. कालच यशोधनचं दुसरं पुस्तक वाचून संपलं. खुनी धरला गेला तेव्हा पाटलांनी मांडीवर थाप मारली होती. “सुटला न्हाई बग लेकाचा,” ते म्हणाले होते.

“अक्का, यशोधन खरा न्हाई. मी लिवतो म्हणून हाय त्यो.”

“ठावं हाय. येडी न्हाई मी.” सिद्धम्मा उंबऱ्यावर टेकली. “खरा पोलिसांचा अमीन आलता की तालुक्यावरनं. पाटलाकडं जेवला, पान खाल्लं, पाय घसरून पडली म्हणून लिवलं आन् गेला. आता खोटा तर खोटा, त्याला धाड.”

जगदेवप्पानं टाक खाली ठेवला. तिची एकुलती एक लेक रुद्रम्मा, पाटलांच्या धाकट्या मुलाला दिलेली. सरत्या आषाढात ती मळ्यातल्या विहिरीत तरंगताना सापडली होती.

“काल तूच वाचलास,” सिद्धम्मा सांगू लागली, “मड्यावर काय हाय ते समदे बगत्यात, काय न्हाई ते बगावं. रातभर त्येच डोस्क्यात. माज्या रुद्रीला हिरीतनं काडली तवा तिच्या गळ्यात लिंग नव्हतं.”

जगदेवप्पाचा हात आपसूक सदऱ्यावर गेला. आत छातीशी चांदीची डबी होती, तिच्यात त्याचं लिंग. बारशाआधी गळ्यात बांधलेलं लिंग न्हाताना उतरत नाही, झोपताना उतरत नाही, माणसाबरोबर मातीत जातं. हे त्यांच्या लिंगायतांतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. अमीन परका होता, त्यानं विचारलं नाही. बाकी कुणीच परकं नव्हतं.

“मातीच्या वक्ताला तिच्या सासूनं देवळीतनं लिंग आणून रुद्रीच्या हातावर ठिवलं. पाण्याला जाताना काडून ठिवलती म्हनं. जिती बाई लिंग काडून घागर उचलती व्हय? आन् दोरा नवा हुता, पांडरा. मी वळून दिलेला तांबडा हुता. त्यो कुटं तुटला? कुनी वडला?” ती थांबली. “तू बी हुतास की तितं.”

तो होता. पांढरा दोरा त्यानंही पाहिला होता. दोन पुस्तकं मिळून त्याला असा सरळ पुरावा सुचला नव्हता, हेच आधी मनात आलं आणि त्याला स्वतःची किळस आली.

“अक्का, पुस्तकानं काय व्हतंय?”

“कामून न्हाई? पाटलाच्याच घरात वाचनार न्हवं तू? त्येच्या म्होरं वाच. त्येनं आईकावं. बास, मला दुसरं काय नको.” तिचा आवाज फुटला नाही, फक्त बारीक झाला. “प्रेमाचं लिवत हुतास तवा कदी काय मागितलं का मी?”

नव्हतं मागितलं. प्रेमाच्या पुस्तकात कुणी मेलं तर लोक रडून मोकळे होत. लेखकाकडे कुणी न्याय मागत नसे.

“लिव,” ती म्हणाली. “मी बसते.”

त्यानं टाक दौतीत बुडवला. नावं बदलता येतील, गाव बदलता येईल, पण तांबडा दोरा कसा बदलायचा? ढाळज तीच, लोड तोच, आणि वाचणारा आपणच. आत माजघरात त्याची लेक जगदेवी घागर घासत होती. पाण्याला तीही त्याच मळ्याच्या वाटेनं जायची.

तरी त्यानं लिहिलं, आणि सिद्धम्माला वाचता येत नव्हतं म्हणून मोठ्यानं म्हणत लिहिलं. “यशोधन मोटारीतून उतरला. पाटलांच्या दाराशी आला.”

“पुडं.”

“पाटील सामोरे आले. म्हणाले, या, या, लांबून आलात.”

“पुडं?”

यशोधननं आता एकच विचारायचं होतं. जुना दोरा कुठाय? तीन शब्द. जगदेवप्पानं टाक कागदावर टेकवला. शाईचा ठिपका पसरत गेला, अक्षर उमटेना. घागरीवर राख घासल्याचा आवाज तेवढा येत होता. त्यानं पुन्हा शाई घेतली. पुन्हा ठिपकाच पडला. त्याला वर बघवेना.

सिद्धम्मानं बराच वेळ वाट पाहिली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि लुगडं झटकलं.

“तुजा यशोधन बी जेवाय बसला, व्हय?” ती म्हणाली.