माफीचा मेसेज

"नाही म्हणणार जा! कान तुटून हातात आला तरी नाही म्हणणार!"

धाकटीचा तो लहानपणचा आवाज. आई कान पिळून सांगायची, "म्हण, ताई, माझं चुकलं." डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण ओठ घट्ट मिटलेले. शेवटी आईचाच हात दुखायला लागायचा.

आणि आज, पार्लरमध्ये गिऱ्हाईकाच्या केसांना रंग लावता लावता, ताईच्या फोनवर धाकटीचं नाव उजळलं. 'माझं चुकलं. मला माफ कर.'

ब्रश हातातच राहिला. आई गेली त्या आठवड्यात धाकटी चार माणसांत म्हणाली होती, "सेवा कसली? आईच्या खोलीवर डोळा होता तुझा." ती बोलून मोकळी झाली, जिभेला कुठे हाड असतं? पण ताईच्या काळजात ते वाक्य माशाच्या काट्यासारखं अडकलं. तेव्हापासून ना फोन, ना निरोप. ताई या एवढ्या एका ओळीची वाट पाहत होती. रंगाचा वास तिला आज पहिल्यांदाच गोड लागला.

फोन पुन्हा वाजला. 'माझा कोड चुकून तुझ्या नंबरवर आलाय. लवकर पाठव.' खरंच, दुसऱ्या एका मेसेजात सहा आकडे येऊन पडले होते. ताईचा माखलेला अंगठा ते भराभर टिपू लागला.

"काय हो, रंग केसांना लावताय की मेंदूत मुरवताय?" खुर्चीतल्या मास्तरीणबाई आरशातून कडाडल्या.

ताईनं हसत फोन त्यांच्यापुढे धरला. चष्मा काढलेला, म्हणून त्यांनी तो नाकाला टेकवून वाचला.

"अहो, थांबा! हा कुणी भामटा आहे. कोड दिलात की तुमचं मेसेजचं खातं त्याच्या घशात. मग तुमच्या नावानं आणखी दहा जणांना टोप्या घालील. उत्तर देऊ नका. बहिणीला साधा फोन लावा."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

मास्तरीणबाईंना प्रश्न कळला नाही. ताईला पुरता कळत होता. कोड पाठवला तर फार तर खातं जाईल. फोन लावला तर माफीच जाईल.

तिनं एकेक करून आकडे खोडले. हात पुसला. फोन लावला.

"ताई?"

"तू मला काही पाठवलंस का गं?"

"अगं बाई, तुलाही आला? काल मीच मूर्खासारखी कुणाला तरी कोड देऊन बसले. आता माझ्या नावानं तो भलतंच लिहीत सुटलाय. सगळ्यांना हेच! माझ्या दातांच्या डॉक्टरांचीसुद्धा माफी मागून झालीय. तू काही पाठवलं नाहीस ना?"

"नाही. पुसून टाकते सगळं."

धाकटीचा आवाज एकदम हळू झाला.

"कोडचं तेवढं पूस, ताई. त्याच्या वरची ओळ राहू दे. ती माझी आहे."