तानुबाई पैज हरली

इंग्रजांच्या फौजेतून आफ्रिकेत, एरिट्रियातल्या लढाईवर जाऊन आल्यापासून नजीर दोन घास खाऊन ताटावरून उठायचा. महिनाभर नाना परी रांधून त्याची बायको जहांआरा पार थकली होती. "तिकडली भाकर आंबवलेल्या पिठाची," एवढंच तो सांगायचा. "एकाच अंगानं भाजतात, वर नुसती भोकंभोकं. तिच्यावर मटणाचा लाल रस्सा. अन् घास एकमेकाले भरवतात."

"लाव पैज!" शेजारची तानुबाई म्हणाली. "तशी भाकर ज्वारीची करून दाखवीन. जमली तर तुहा फौजी कोट माहा. हरली तर पारावर, साऱ्या गावापुढं तुले घास भरवीन."

"काकू, उलटवल्याबिगर तुमचा हात राह्यते का?" नजीर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तानुबाई दोन्ही अंगांनी भाजलेली, चपटी भाकर अन् जहांआराचा रस्सा घेऊन पारावर आली. बाजाराले निघालेल्या बैलगाड्याही थांबल्या. लोक खिदळून राह्यले होते. "हरली रे बाबा मी! कर आ!" नजीरनं लाजतलाजत तोंड उघडलं. चौथ्या घासाले त्यानंच ते पुढं केलं.

जहांआरा हळूच तानुबाईच्या कानाशी लागली. "काकू, भोकाची भाकर तर सकाळीच जमली होती. ती काऊन लपवली?"

"चूप वं," तानुबाई पुढचा घास कालवत म्हणाली. "जेऊन राह्यला ना तो."