पाच तारखेचा मेसेज

देव्हाऱ्याखालचा फोन थरथरला तशा दोघीही हातातलं काम टाकून उठल्या.

"वाच गं," अंबाबाई म्हणाल्या. "माज्या डोळ्यांना काय दिसतंय?"

सुरभीने फोनला हात न लावता वाकून पाहिलं. जितेशचा फोन होता तो, तिच्या नवऱ्याचा. त्याला कुलूप होतं, आणि ते उघडायची खूण त्याने कुणालाच सांगितली नव्हती, असं सासूबाई म्हणत. बाहेरून तेवढ्या दोन ओळी दिसत. ऑनलाइन खरेदीचे सहाशे एकोणपन्नास रुपये पाच तारखेला जितेशच्या खात्यातून कापले जाणार होते. खात्यात शिल्लक ठेवावी, असं बँकेने कळवलं होतं.

"किती?"

"सहाशे एकोणपन्नास."

"आज एक तारीख. उद्याच भरून ये. मागल्यासारकं नको."

मागे एकदा सुरभीला कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही आणि खातं रिकामं राहिलं. बँकेने पाचशे नव्वद रुपये दंड लावला. सुरभीला दंडाचं वाईट वाटलं. अंबाबाई मात्र दोन दिवस जेवल्या नाहीत. पोराच्या ताटात कमी पडलं, एवढंच म्हणत राहिल्या.

जितेशला जाऊन दीड वर्ष झालं होतं. जाऊन म्हणजे काय, ते साजगावात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. पुराच्या दिवशी पाताळगंगेच्या पुलावर त्याची मोटरसायकल सापडली, तो सापडला नाही. पाकीट त्याच्या खिशात होतं, बँकेचं कार्ड पाकिटात. फोन तेवढा घरी चार्जिंगला राहिला होता.

चार महिने थांबून सुरभीचा भाऊ सदू कर्जतहून आला. ओळखीत एक स्थळ आहे म्हणाला. हळू बोलला, पण एवढ्याशा घरात काय लपतं! पुढच्या महिन्यात पहिला मेसेज आला. जितेशच्या कार्डावर कुणीतरी काहीतरी विकत घेतलं होतं.

"कुनीतरी कशाला?" अंबाबाई रडता रडता हसल्या होत्या. "माजा पोर हाय! जिता हाय!"

सुरभीचं कुंकू राहिलं आणि सदूचं तोंड बंद झालं. मर्जीने गेलेला माणूस आहे, येईल तेव्हा येईल, असं म्हणून पोलिसांनीही हात झटकले.

तेव्हा सुरभीही आनंदाने रडली होती. आता तिला त्या फोनची भीती वाटे. जिवंत आहे तर बोलत का नाही? आईची तरी आठवण येत नाही? आणि घेतो काय दर महिन्याला? सहाशे एकोणपन्नासात पुरुषाचा शर्ट येतो. बाईची साडीही येते. कारखान्यात खोकी भरताना हा विचार आला की तिचे हात थांबत. घरी अंबाबाई रोज तिसरं ताट मांडत, आणि त्या रिकाम्या ताटासमोरून ती अर्धी भाकरी टाकून उठे.

त्या दिवशी दुपारी सदूचा फोन आला. "तो तिकडं मजेत खरेदी करतोय आणि तू हितं पैसे भरतेस. किती दिवस गं?"

सुरभीने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी तिने मोरपंखी साडी नेसली, काठावर पिवळे हत्ती असलेली. अंबाबाईंनी गेल्याच आठवड्यात मोहोपाड्याहून आणली होती. तिथे त्यांची बहीण बुधी राहायची. महिन्यातून एकदा त्या तिच्याकडे जायच्या आणि सुरभीसाठी काही ना काही घेऊनच यायच्या. कधी गाऊन, कधी छत्री, कधी चपला. बुधीनं दिलंय गं तुला, म्हणायच्या. सासू असून अशी माया करणारी बाई विरळा. तिच्याशी खोटं बोलताना सुरभीला गलबलून आलं.

"भरायला चाललीस ना?"

"हो, आई."

खोपोलीच्या बँकेत खिडकीपलीकडे नेहमीचा विपुल होता. त्याने भरण्याची स्लिप पुढे केली. सुरभीने ती परत सरकवली.

"भरायचे नाहीत. कार्ड बंद करायचंय."

विपुलने तिच्याकडे नीट पाहिलं. "खातं तुमच्या नावावर नाही, वहिनी. पण दादांचा फोन घेऊन या. त्यावर ओटीपी येईल. तो टाकला की कार्ड बंद."

"पण कार्ड त्यांच्याजवळ आहे."

"कार्ड कशाला लागतंय? खरेदीच्या ॲपमध्ये एकदा कार्डाचा नंबर साठवला की झालं. वस्तू आज घ्यायची, पैसे पुढच्या पाच तारखेला. कार्ड नसलं तरी चालतं, फोन पाहिजे."

सुरभीने मान हलवली. तिचं अर्धं लक्ष घराकडे होतं. रिक्षात बसल्यावर ती मनातल्या मनात वाक्यं जुळवू लागली. आई, मी लग्न करीन, नाहीतर नाही करणार. पण तुम्ही माझ्याजवळच राहायचं. तुम्हाला टाकून मी कुठेही जाणार नाही. एवढं एक सांगितलं की फोन मागायचा. म्हातारी रडेल, पण समजून घेईल.

ती इतक्या लवकर परतेल असं अंबाबाईंना वाटलं नसावं. दार नुसतं लोटलेलं होतं. त्या देव्हाऱ्यापुढे पाठमोऱ्या बसल्या होत्या. डोळ्यांवर चष्मा होता, मांडीवर जितेशचा फोन. त्यांचं बोट काचेवरून वर, खाली, आडवं असं सराईतपणे फिरलं आणि कुलूप उघडलं.

सुरभी चपला न काढताच मागे जाऊन उभी राहिली.

फोनवर आधी घेतलेल्या वस्तूंची यादी होती, चित्रांसकट; पोचवायचा पत्ता बुधीचा. खाली एक गाऊन होता, त्यावर एक छत्री, त्यावर चपला. आणि सगळ्यांत वर, सहाशे एकोणपन्नास रुपयांची, काठावर पिवळे हत्ती असलेली मोरपंखी साडी.