सात नंबरचं चाक

ताईने सात नंबरच्या पिंजऱ्यातल्या दोन्ही बाटल्या तिसऱ्यांदा काट्यावर ठेवल्या. वजन तेच आलं. गोड पाणी बाटलीच्या तळाला गेलेलं, साधं पाणी होतं तसंच.

"संपलं, मावशी," ती म्हणाली. "दोन वर्षं वाया."

पिंजरे धुणाऱ्या मावशी हातातला ब्रश धरून तशाच उभ्या राहिल्या.

प्रयोगशाळेच्या त्या खोलीत उंदरांचे बारा पिंजरे. महिनाभर सगळ्यांनाच ताईने छळलं होतं: ओला भुसा, तिरकी जमीन. पण सहांना पळायला चाक होतं आणि सहांचं चाक तारेने बांधलेलं. पळणाऱ्याच्या मेंदूत आनंदाचा रस पाझरतो, म्हणून असा जीव दुःखातही मिटत नाही, हे तिला दाखवायचं होतं. मिटलेल्या जिवाला गोड काय नि अळणी काय, सारखंच. म्हणून या दोन बाटल्या.

पळणाऱ्या सहांनी गोड पाणी फस्त केलं. बांधल्या चाकाच्या पाचांनी दोन्ही बाटल्या सारख्याच चाखल्या. आणि हा सहावा, सात नंबरवाला, पळणाऱ्यांवरही कडी करून बसला होता.

"सर म्हणाले, सहांत एक असा निघाला तर खरं काय मानायचं? पुन्हा पहिल्यापासून करा." ताईने कपाळ चोळलं. "माझ्यात नाही आता ते. सोडून देते."

टेबलावर मावशींनी आणलेला चहा साय धरून बसला होता. गेले पंधरा दिवस रोज असाच बसायचा. एकदा साखर घालायची राहिली, तरी दोन घोट घेऊन ती काही बोलली नव्हती.

मावशींचं काळीज उंदराएवढं झालं. दारावरच्या पाटीवर नियम होता: पिंजऱ्यात परस्पर बदल करणाऱ्याची त्याच दिवशी कायमची सुट्टी. नोकरी सतरा वर्षांची.

"ताई, ते चाक बांधलेलं नाही."

"कुठलं?"

"सातचं. तार नुसती गुंडाळलेली दिसते. चाक धुऊन परत लावताना पीळ मी मोकळा सोडते. दर धुण्याला."

ताईने पिंजऱ्यात बोट घालून चाकाला टिचकी मारली. ते गर्रकन फिरलं, आणि फिरतच राहिलं.

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. त्या अडलेल्या चाकाला डोकं लावून ढकलायचा. फिरणार नाही, हे त्याला पटेचना. मला बघवलं नाही." मावशींनी ब्रश बादलीत ठेवला. "माझं नाव लिहा वहीत. येऊ नको म्हणाले, तर नाही येणार."

ताई फरशीवरच बसली. तिचे खांदे हलू लागले. मावशी घाबरून वाकल्या, तर ती हसत होती, आणि डोळेही भरले होते.

"अहो मावशी, हा पळणाराच होता. मी गेले, दिवे मालवले, की रोज पळत होता."

"म्हणजे?"

"म्हणजे बाराही उंदीर खरं बोलले. खोटं बोललं ते एकटं चाक." तिने डोळे पुसले. "हा वगळायचा, आणि का वगळला ते लिहायचं. सरांकडे आपण दोघी जाऊ. एकट्या गेलात तर न केलेलंही कबूल करून याल."

"ओरडतील."

"मलाही ओरडतील. चाकं तपासायचं काम माझं होतं."

तिने टेबलावरचा गार चहा ओढला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"शी. मावशी, यात साखर नाही."

मावशींनी सातच्या गोड बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि साखर आणायला निघाल्या. बाहेरच्या लांब ओसरीवर त्यांची पावलं आधी चालण्याची वाजली, मग पळण्याची.