भिंत पाडल्यावर

गॅस बंद करून ती बाहेरच्या खोलीत आली, तर दार सताड उघडं आणि सासऱ्यांची खुर्ची रिकामी. चपला दाराशी तशाच. म्हणजे बाबा अनवाणीच निघाले होते.

ती धावत जिना उतरली. मागच्या खेपेला ते असेच निघाले होते आणि शाळेच्या लांबलचक भिंतीच्या कडेकडेनं चालत थेट हमरस्त्यावर पोचले होते. एका ट्रकवाल्यानं वेळेवर ब्रेक मारला म्हणून निभावलं. हल्ली त्यांना पत्ता आठवत नसे. कधी कधी स्वतःचं नावही नाही.

"बाबा दिसले का हो?" तिनं कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं.

"आत्ताच गेले की. हाक मारली, पण लक्षच नव्हतं." त्यानं हमरस्त्याच्या दिशेनं हात केला.

ती पळत सुटली. पण भिंत जिथून सुरू व्हायची, तिथं आता भिंतच नव्हती. शाळेची नवी बांधणी झाली तेव्हा ती पाडली होती. फुटपाथच वळून शाळेच्या अंगणात शिरत होता; तीही त्याच्याबरोबर आत वळली. वर्ग मागच्या बाजूला, दाराआड. आणि पुढचं अंगण, सभागृह, वाचनालय आसपासच्या सगळ्यांना खुलं.

वाचनालयाच्या दारात मुख्याध्यापिका उभ्या होत्या. त्यांना पाहून तिचे पाय अडखळले. "उद्या कुणीही उठून आत येईल," असं तिनं रहिवाशांच्या सभेत त्यांच्या तोंडावर सुनावलं होतं. भिंत पाडू नये म्हणून सह्याही गोळा केल्या होत्या.

"बाई, माझे सासरे..."

"पायात काही नाही, तेच ना? आत आहेत," मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

आत चारदोन म्हातारी माणसं पेपर वाचत होती. मधल्या बाकावर बाबा पाठ ताठ करून बसले होते. हाताची घडी, केस पाण्यानं चापून बसवलेले. पायांत कुणीतरी खेळाचे निळे मोजे चढवले होते. अंगावर कुठं ओरखडासुद्धा नाही.

तिचा जीव भांड्यात पडला. दाराची चौकट धरून ती क्षणभर नुसती श्वास घेत राहिली. मग त्यांच्याजवळ गेली.

"बाबा, चला घरी."

त्यांनी मान वर केली. ओळख पटली नव्हती, पण चेहरा शांत होता. कित्येक महिन्यांत तिनं तो इतका शांत पाहिला नव्हता.

"घरी? बेल कुठं झालीय अजून?"

ते बाकावर सरकले आणि त्यांनी तिला जागा करून दिली.

"उशीर झाला ना तुला?" ते हळूच म्हणाले. "बस. या बाई रागवत नाहीत."